तळ मोकळा ठेव

पनवेल,
ता. ३ नोव्हेंबर १९६३

चि. एलिएझर यास शालोम व आशीर्वाद. सौ. रेबेकालाही सांग.

उत्तराला महिन्यावर उशीर झाला, राग धरू नकोस. कागद होता, शाई होती. लिहायला हात उचलत नव्हता.

तुझे दोन्ही नकाशे तेल अवीवहून नीट पोचले. तुझ्या इमारतीच्या तीस मजल्यांबद्दल कोणाचं काही नाही, भांडण फक्त तळाचं, हे वाचून आम्ही हसलो. मालकांना खाली भिंती घालून दुकानं हवीत, तुला तळ मोकळा हवा, नुसत्या खांबांवर. ‘आई म्हणेल तेच सभेत मांडीन’ असं लिहिलंस. गमतीनं लिहिलंस की खरंच, मला कळलं नाही. खांब सिमेंटचेच ना? तिकडे वारा फार असतो का?

आईनं तुझा खांबांचा नकाशा उलटा धरला. म्हणाली, "ही तर पालथी खाट. असलं अभद्र कशाला काढतो हा?" मी सुलटा करून दिला. शेजारचा काशीराम मिठागरावरून आला होता. तो डोकावून म्हणाला, "वयनी, घर हाय का बगला? नुसते पाय दिसतात."

"बगळा पडलेला पाहिलास कधी?" आई म्हणाली. मग मला म्हणाली, "घाई करू नका. विचार करून सांगते."

तू गेल्यावर इथे घरमालकानं खाली भिंत घातली, हे तुला कळवलं नव्हतं. जिन्यापुढे किराण्याचं दुकान झालं. आपल्याला यायजायला बोळ उरला. माझं कोपर घासतं, पण सवय झाली. माणूस उभा जातो. आडवा जात नाही.

ते गेल्या महिन्यात कळलं. काशीराम आणि त्याचा भाऊ बळीराम दोघांनी तिला चादरीत घेतलं, पण वळणावर जवळजवळ उभी करावी लागली. काशीराम तिला म्हणत होता, "वयनी, सांबाळा, जिना हाय." जिवंत माणसाला सांगावं तसं.

एलिएझर, आई गेली. ताप आला आणि दोनचार दिवसांत आटपलं. रिवाजाप्रमाणे माठातलं पाणी ओतलं, प्रार्थना झाल्या, आपली माणसं येऊन गेली. तार करायला पोस्टात गेलो होतो. कारकून म्हणाला, मजकूर सांगा. मला सांगता आला नाही. परत आलो. रडूही आलं नाही. जेवतो, वेळेवर जेवतो. तिची खाट पालथी करून गॅलरीत ठेवली आहे, ती नकाशासारखीच दिसते.

तिचं उत्तर राहिलं. ती काय म्हणाली असती ते मला ठाऊक नाही, उगाच तिच्या नावावर घालणार नाही. माझ्या नावावर सांग, म्हाताऱ्याची अक्कल म्हणून हसले तरी सांग. तळ मोकळा ठेव. माणसाला आडवं बाहेर नेता आलं पाहिजे. सभा झाली असली तर पुन्हा विचार करा म्हणावं.

खाली काय ठरलं ते लवकर कळव, दोन ओळी चालतील. पाकिटावर माझं एकट्याचं नाव घाल. पोस्टमन अजून बोळातून तिलाच हाक मारतो.

तुझा बाबा,
इनॉक