फौजदाराचे पंख

कार्तिक शु. ८
फौजदार आज पळाला. पिंजऱ्याचं दार दिवसा उघडंच असतं. घरभर हिंडतो, पाय फाकवून, ऐटीत, म्हणून तर हे नाव. पण उंबरठ्याबाहेर कधी गेला नव्हता. आज ओटीवरून उडाला तो थेट समोरच्या चिंचेवर. हिरव्यात हिरवा, दिसेना. नुसतं ओरडणं ऐकू येई.
मामंजी ओटीवर खाटेवर होते. उजवं अंग गेल्यापासून सकाळचं त्यांना तिथेच बसवतो. एकटक चिंचेकडे पाहत, डाव्या हाताने खाटेची सुंभं ओढत राहिले. जेवले नाहीत. तिसऱ्या प्रहरी फौजदार आपणहून आला नि त्यांच्या खांद्यावर बसला, शेजारी जाऊन आल्यासारखा. मग मामंजींनी भात घेतला.
सासूबाई म्हणाल्या, "आता पंख कापायचे. माझ्या जिवाला हा घोर नको."

कार्तिक शु. ९
इकडून म्हणणं पडलं, "पिंजऱ्याला कडी लावा, झालं." ठाण्याच्या कचेरीत दिवसभर दप्तरं बांधून सगळ्याला बांधणं हाच उपाय सुचत असावा. हे मनातल्या मनात.
कडी लावली. फौजदार पाठ फिरवून बसला. मामंजी भिंतीकडे तोंड करून. दिवेलागणीला सासूबाईंनीच कडी काढली, कुणाला न सांगता.

कार्तिक शु. ११
उपास. दुपार मोकळी. एका पोपटापायी एवढा घोळ कशाला, ते लिहून ठेवते.
श्रावणात मामंजींना झटका आला. वाचा गेली. शाळामास्तर माणूस, बोलण्याचा भारी सोस. लग्न होऊन कल्याणात आले तेव्हा मला अक्षर ओळखीचं नव्हतं. रोज दुपारी पाटी घेऊन बसवायचे. आळीतल्या बायका नावं ठेवीत, सासूबाई धुसफुसत, पण मामंजींनी खंड पाडला नाही. आज हे लिहिते आहे ते त्यांच्यामुळे.
वैद्य म्हणाले, बोलतं ठेवा, येईल तर येईल. आम्ही बोलू लागलो की ते डोळे मिटून घेत. तुटकं बोलायची लाज वाटत असणार, तीही सुनेसमोर.
फौजदाराची लाज वाटत नाही. वैशाखात खडवलीहून इकडून आणणं झालं तेव्हा बिनपिसाचं पिल्लू होतं, आणि त्याच्या किंचाळण्याचा मामंजींना संताप यायचा. आता तो खाटेवर चढतो आणि ते म्हणतात, "पो... पो..." दिवाळीत स्वच्छ "ये" म्हणाले. आम्ही दोघी दाराआड. सासूबाई रडल्या. मी पण.
तो गेला तर ते कुणाशी बोलणार.

कार्तिक शु. १४
शेजारच्या आवडीकाकू आल्या होत्या. त्यांनी जन्मभर पोपट पाळले.
"अगं, नखं कापल्यासारखंच ते. दुखत नाही, रक्त येत नाही. पुढे नवी पिसं येतात."
मी विचारलं, तुमचा मागचा कुठे गेला?
"तो बोक्याने नेला. पंख कापलेले ना, उडता येईना." शांतपणे सांगितलं आणि आणखी एक सुपारी मागितली.
मी जास्तच घोटाळ्यात. सासूबाईंचं मात्र पक्कं झालं. काकू गेल्यावर म्हणाल्या, "बोका काठीने हाकलता येतो. आभाळाला काय करणार?"


कार्तिक व. २
भातं कापून झाली. खाडीकडून पोपटांचे थवे येतात सकाळी. फौजदार मान वाकडी करून ऐकतो. आज पुन्हा चिंचेवर, त्यांच्यात. आपला कोणता ते कळेना. उडाले तेव्हा सगळे एकदम वळले आणि ऊन पंखांवर... फार छान दिसलं. सासूबाईंना कसं सांगू. परत आला, पण उशिरा.

कार्तिक व. ५
वन्संच्या मुलाच्या बारशाला ठाण्याला गेले होते. मूल गुटगुटीत, रडकं. सगळा वेळ माझं चित्त घराकडे. गाडीतून उतरले ती जवळजवळ धावतच आले.
सासूबाई दारातच हसत उभ्या. दुपारी आतून "पाई, पाई" ऐकू आलं. मामंजी पाण्याला तसंच म्हणतात हल्ली. ह्या भांडं घेऊन धावल्या, तर मामंजी झोपलेले! हाक फौजदाराची. त्यांच्या आवाजात, तशीच अडखळती. आवाजाने मामंजी जागे झाले, भांडं घेतलेल्या सासूबाईंकडे पाहिलं, आणि हसले. श्रावणानंतर पहिल्यांदा.
"अर्धंच तोंड हसतं त्यांचं," सासूबाई म्हणाल्या, "पण हसले गं."
आणि लगेच, "आता तर कापायलाच हवेत."

कार्तिक व. ८
रविवार, म्हणून इकडे सुट्टी. काकू कात्री घेऊन आल्या. फौजदाराला पंच्यात गुंडाळून धरणं इकडून झालं. तो बोटाला कडकडून चावला. काकूंनी पंख उलगडला. इतका मोठा असेल असं वाटलं नव्हतं.
मी म्हणाले, "मामंजींना विचारू या. पक्षी त्यांचा आहे." सगळ्यांसमोर एवढं बोलायची सवय नाही.
सासूबाई म्हणाल्या, "त्यांना काय विचारायचं? ते सांगणार कसे?"
इकडून म्हणणं पडलं, "विचारू दे, आई."
खाटेशी बसले. सांगितलं: कापले तर घरात राहील, पण बोक्याचं भय. नाही कापले तर एखादे दिवशी जाईल. काय करू?
काकूंचा हात तसाच थांबलेला. मग मामंजींचे ओठ वाकडे झाले, कपाळावर घाम. "थां..." आणि मग "ब".
फौजदाराकडे पाहून नाही. माझ्याकडे पाहून.
इकडची पकड सुटली. फौजदार तुळईवर. सासूबाई डोळ्याला पदर लावून आत गेल्या. काकूंनी कात्री पदरात गुंडाळली. "बरं, पुढच्या खेपेला."

कार्तिक व. ९
थांब म्हणजे काय, यावर घरात दोन तट. इकडचं मत, कापू नका. सासूबाईंचं, आत्ता नको, मग. पाहिलं माझ्याकडे, तरी मला कधी वाटतं, ते फौजदारालाच म्हणाले, थांब, जाऊ नकोस. मामंजींना विचारलं तर अर्ध्या तोंडाने हसतात. मास्तर, पोरांना उत्तर सांगायचं नाही असं ठरवल्यासारखे.
चिडायला हवं. चिडता येत नाही. घरात इतकं हसणं कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

मार्गशीर्ष शु. ६
काकू येऊन गेल्या. सासूबाई म्हणाल्या, "आज चंपाषष्ठी. वांगी भाजायची आहेत, आज कुठे कात्री." काकू भरीत घेऊन गेल्या.
मामंजी आता माझ्याशीही बोलतात. मीठ. ऊन. नको. मी वाचून दाखवते तेव्हा "पुन्हा" म्हणतात, म्हणजे माझा उच्चार चुकला.

मार्गशीर्ष व. ३
काकू परत. आज सासूबाईंना काही कारण सापडेना. "संक्रांत होऊ दे, मग बघू. कापायचे तर आहेतच." काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी निवडणात मान घातली.
फौजदार सकाळपासून थव्याबरोबर. खाडीपलीकडे गेला असावा, चिंच रिकामी. इतका वेळ कधी झाला नव्हता. सासूबाईंनी ओटीच्या कठड्यावर एक पिकली मिरची ठेवली आणि आत गेल्या. मग आणखी एक ठेवून गेल्या.
ऊन उतरलं. मामंजी चिंचेकडे पाहत होते, पण आज सुंभं ओढत नव्हते. हात मांडीवर. मी विचारलं, "मागच्या तळ्यापर्यंत जाऊन हाक मारू का?"
बराच वेळ जुळवाजुळव केली. मग म्हणाले, "असू... दे."
सासूबाई आतून, "काय म्हणाले गं?"
"असू दे म्हणाले."
त्या हात पुसत बाहेर आल्या आणि खाटेच्या कडेला टेकल्या. आम्ही तिघंही चिंचेकडे तोंड करून. फौजदार अजून आलेला नाही.