न सांगता केलेला अंधार

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या प्रकाशयोजनाकारांचा सुरुवातीचा काळ कोणी टिपून ठेवत नाही, मग पुढे घोळ होतो. माझ्या बाबतीत होणार नाही.

आजची घटना : बाळासाहेबांनी मला पार लाईट, म्हणजे स्टेजवरचा डब्यासारखा दिवा, फेकून मारला. बाळासाहेब म्हणजे मंडप डेकोरेशनवाले, माझे तात्पुरते मालक. कारण क्षुल्लक. निमगाव सावाच्या लग्नात मी नवरीच्या अर्ध्याच चेहऱ्यावर उजेड ठेवला. हिरवा. मुलगी घर सोडून चालली आहे, ते दुःख कोणीतरी दाखवायला नको? नवरी बुरशी आल्यासारखी दिसतेय म्हणत तिच्या मामाने बाळासाहेबांची कॉलर धरली. बाळासाहेबांनी माझी धरली. लाईट खांद्यावर बसला, पण फुटला नाही. माल चांगला आहे.

संकल्प : यात्रेच्या नाटकानंतर मंडपाचं काम बंद.

६ मार्च

नाटक ठरलं. 'बांधावर सांडलं रक्त'. लिहिलं हौशीराम गुरुजींनी, बसवणार तेच. दोन भाऊ, एक बांध, एक कुऱ्हाड. शेवटी थोरला धाकट्याला तोडतो. १६ एप्रिलला आमच्या वाडीच्या यात्रेत, देवळापुढे. थोरला अमृत, धाकटा समर्थ. दोघे चुलतभाऊ. खऱ्या आयुष्यातही बांधावरून भांडण, दिवाळीपासून बोलणं बंद. गुरुजी म्हणाले, त्यामुळे अभिनय शिकवावा लागणार नाही.

शेवटच्या घावाला मी पूर्ण अंधार करणार. अर्धा मिनिट. लोकांच्या अंगावर काटा येईल.

पुण्याच्या प्रकाशयोजना शिबिरातल्या सरांना फोन केला, यात्रेला या म्हणालो. ते बघू म्हणाले. म्हणजे येणार. काम पाहिलं की असिस्टंट म्हणून घेऊन जाणार. हे त्यांनी सांगितलेलं नाही, पण आवाजावरून कळतं.

९ मार्च, रविवार

कळंबहून सासरे आले. तिकडच्या दूध संकलन केंद्रात माझी सोय लावलीय म्हणे. १ मेपासून. दुधाचं फॅट तपासायचं. मी म्हणालो, मी कलावंत आहे. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, गेण्या, वायरमन झाला असतास तरी गावानं च्या पाजला असता. मी म्हणालो, वायरमन आणि लाईट डिझायनर यात फरक आहे. दादांनी फरक ऐकला नाही, चप्पल फेकली. मी चुकवली, ती सासऱ्यांना लागली. वातावरण बिघडलं.

रात्री बायकोने, आरतीने, तोडगा काढला. म्हणाली, नाटक चांगलं झालं तर बापाला मी सवताच न्हाई म्हणून सांगते. वंगाळ झालं तर मात्र गुमान केंद्रावर जायचं, तोंड वर करायचं न्हाई. मी लगेच कबूल केलं. बिचारीला पुण्यात खोली शोधावी लागेल.

१८ मार्च

काल लाईट गेली तेवढ्यात बिबट्याने बहिरूआबांची कालवड गोठ्यातून ओढली. आज चावडीवर सभा. ठराव असा : गावात कोणीही कोणत्याही कामासाठी लाईट घालवणार असेल, तर आधी माईकवर तीनदा सांगायचं, लाईट चाललीय, घाबरू नका. न सांगता अंधार झाला की बिबट्या आला असं धरायचं. बायकांनी ताटं बडवायची, पुरुषांनी हातात असेल ते चालवायचं. शेतकऱ्यांसाठी उत्तम योजना. नाटकाला लागू होत नाही, हे उघड आहे.

२५ मार्च

तालमीत पहिलं रक्त. मी अमृतवर लाल आणि समर्थवर निळा जिलेटीन कागद लावला. समर्थची आई झुंबरबाई तालीम बघायला बसली होती. म्हणाली, माझ्या पोराला मेल्यावानी निळं आन त्या कसाबाला गुलालावानी लाल, कुणाचं खाल्लंस रं तू? मी रंगशास्त्र समजावू लागलो. तोवर अमृत कसाब या शब्दावरून उठला. समर्थने त्याला लाकडी कुऱ्हाडीने हाणलं. अमृतने त्याचं नाक फोडलं. सोडवायला गेलो तर दोघांनी मिळून मला धुतलं. दिवाळीनंतर दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम, असं गुरुजी म्हणाले.

माझा निष्कर्ष : रंग योग्य आहेत. एवढा परिणाम साध्या बल्बचा होत नाही.

४ एप्रिल

नवीन मोठा स्पॉट लाईट आला. गच्चीवरून टेस्ट घेतली. उसाच्या कडेला बहिरूआबा टमरेल घेऊन बसले होते, ते नेमके झोतात आले. शुद्ध योगायोग. पण मी लगेच बंद केला नाही, कारण झोताच्या कडा फार सुंदर येत होत्या. आबांनी जिना चढून येऊन काठी तुटेपर्यंत मारलं. वय पाहता स्टॅमिना आहे. खाली उतरताना दादांनी त्यांना दुसरी काठी दिली.

आरतीने हळद लावली. म्हणाली, अवो, माणसांवर नका पाडू उजेड, झाडांवर पाडा. हिला काय सांगावं?

१२ एप्रिल

शिबिरात शिकवलं होतं, ऑपरेटर अदृश्य हवा. म्हणून आजोबांची काळी घोंगडी काढली. ती पांघरून, वाकून, उजेड कमीजास्त करायच्या डिमरच्या पेटीवर बसणार. आरशात पाहिलं. मी दिसतच नाही.

गुरुजी विचारत होते, अंधाराचं माईकवर सांगायचं ना? मी म्हणालो, सांगून केला तर तो अंधार कसला? नवरदेव येतोय म्हणून वर्दी द्यायला ते काय लग्न आहे? ते म्हणाले, निदान सरपंचांच्या कानावर घाल राव. मी हो म्हणालो. घालणार नाही. गुपित गावभर फुटेल. आरतीलाही सांगितलेलं नाही. तिचा चेहरा मला नंतर बघायचाय.

१६ एप्रिल, दुपार

सगळं टांगून झालं. सरांचा फोन लागत नाही. म्हणजे घाटात असणार. पहिल्या रांगेत एक खुर्ची त्यांच्यासाठी रुमाल टाकून धरलीय. बाळासाहेब जनरेटरपाशी. आई आणि आरती सकाळपासून सतरंजीवर जागा अडवून बसल्यात. आरतीने लग्नातली साडी नेसलीय. आज रात्रीनंतर आयुष्य बदलणार.

१७ एप्रिल, मंचर, दवाखाना

डाव्या हाताने लिहितोय. उजव्या बाजूचं गळ्याजवळचं हाड मोडलंय.

तरीही लिहिणं भाग आहे. प्रयोग अभूतपूर्व झाला. शेवटापर्यंत लोक हलले नाहीत. खुर्ची रिकामी होती, पण सर मागे उभे राहून बघत असतील, मोठी माणसं तशीच बघतात. अमृतने कुऱ्हाड उचलली. समर्थ ओरडला, दादा, बांध घे पण जीव घेऊ नको. बायका रडत होत्या. मी घोंगडीत आणखी वाकलो आणि देवळासकट सगळं एका झटक्यात बंद केलं.

एक क्षण पूर्ण शांतता. असा अंधार जुन्नर तालुक्यात कोणी केला नसेल. त्या एका क्षणासाठी मी जन्माला आलो होतो, हे मी कोणालाही सांगेन.

मग कोणीतरी ओरडलं, वाघ आला. यात्रा असल्यामुळे ताटं शेकड्याने होती. काठ्या तर सासनकाठीपासून सगळ्या. लोक एकमेकांना बडवू लागले. पुरुषांनी शेजारच्याला बिबट्या समजून धरलं, शेजारच्याने त्यांना. बाळासाहेबांनी भीतीने जनरेटरही बंद केला, त्यामुळे अर्ध्या मिनिटाचा परिणाम बराच लांबला. स्टेजवर अमृत आणि समर्थ संहितेच्या पुढे गेले होते.

एवढ्यात माझ्यावर वार झाला. मागून, जाड लाकडाने. एक, मग दुसरा, मग आणखी एक. मी ओरडलो. मग काही आठवत नाही.

लाईट आल्यावर ज्यांनी पाहिलं ते सांगतात : सरपंचांचे दोन दात गेले. बहिरूआबांनी पोलीसपाटलांचा पाय मोडला. पेढेवाल्याच्या कढईत माणूस सापडला. गुरुजी मारुतीच्या मागे बसून स्वतःच्याच नाटकातला देवाचा धावा म्हणत होते. बिबट्या नव्हता.

प्रेक्षकांचा एवढा सहभाग पुण्यातही मिळत नाही. सरांचा मेसेज येईलच.

२० एप्रिल

घरी आणलं. सरांचा मेसेज आला. नुसता अंगठा. तो १४ तारखेच्या माझ्या निमंत्रणाला होता.

आरती काही बोलत नाही. जेवण भरवते, तोंड पुसते, खाली बघते. नाटक कसं झालं म्हणून विचारलं तर उठून गोठ्यात गेली. भारावलीय.

२२ एप्रिल

रात्रभर विचार केला. वार करणारा अमृत. दुसरा असूच शकत नाही. लाल रंगाचा राग. बिबट्यासाठी मारणारा माणूस एकदा मारून पळतो. इतक्या चिकाटीने भावकीच मारते.

संकल्प : अमृतला जिवंत सोडणार नाही. एका हाताने जेवढं होईल तेवढं.

२४ एप्रिल

पाना घेऊन अमृतच्या खळ्यावर गेलो. त्याचाही एक हात प्लास्टरमध्ये. दोघे एकेका हाताने बराच वेळ मारामारी करत होतो. पाना त्याने हिसकावला आणि विहिरीत टाकला, मग मलाही टाकत होता, पण मागोमाग आलेल्या आईने त्याचे केस धरले. माझी आई साळुबाई एरवी मुंगीला बाजूला सारते.

दम लागल्यावर अमृत म्हणाला, भाऊ, आईच्यान सांगतो, अंधार झाला तवापास्नं समर्थ्या माझ्या कानाला चावत व्हता, तुला हाणायला मला सवड कवा भेटली? समर्थला बोलावलं. त्याने अभिमानाने कबूल केलं. अमृतने कान दाखवला. दातांचे व्रण जुळले.

मग कोण?

२७ एप्रिल, रविवार

दादांवर संशय आहे. चपलेचा इतिहास पाहता.

२८ एप्रिल

दादा नव्हते.

आज आरती दूध काढून आली, चरवी खाली ठेवली आणि माझ्यापुढे बसली. म्हणाली, अमृतभावजींना मारायला जाऊ नका, दादांकडं तसं बघू नका, म्याच हाणलं.

अंधार झाला तसे सगळे देवळाकडे पळाले. हिला वाटलं, नवरा एकटा त्या पेटीपाशी राहिला. म्हणून ही उलटी पळाली, मंडपाचा वासा उपसून. माणसांना तुडवत आली. मोबाईलच्या उजेडात तिला दिसलं ते एवढंच की काहीतरी काळं, केसाळ, वाकलेलं, पेटीवर बसलंय आणि मी कुठेच नाही. म्हणाली, मला वाटलं वाघानं तुमाला खाली घेतलंय. म्या डोळं मिटून हाणलं. दुसऱ्यांदा त्यो वरडला तवा वाटलं, लागतंय त्याला. तिसऱ्यांदा वाघ आरतेऽ म्हणाला, तवा मी थांबले.

मग ती रडायला लागली. मीही रडलो. गावातली एवढी माणसं बिबट्यापासून लांब पळत होती आणि ही एकटी त्याच्याकडे पळत आली, लग्नातली साडी नेसून. मला तिचा चेहरा नंतर बघायचा होता. हा होता तो.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं आणि विचारलं, मला तरी सांगायचं व्हतं ना हो? तिने केंद्राचं नाव काढलं नाही. ते मीच काढलं.

१ मे, गुरुवार

केंद्रावर पहिला दिवस. हात गळ्यात बांधलेला. फॅट डाव्या हाताने लावतो, जमतंय. केंद्रात एकच ट्यूब. पिवळट, वरून सरळ पडते, सगळ्यांचे चेहरे सुजल्यासारखे दिसतात. कोपऱ्यातून एक स्पॉट दिला तर पुष्कळ फरक पडेल, असं मी मॅनेजरना सुचवलं. त्यांनी बटणाची पेटी स्वतःच्या खोलीत हलवून घेतली.

संध्याकाळी चांगली रांग होती. आमच्या वाडीचे दोघेतिघे होते, समर्थ होता. कॅन उघडले, आणि लाईट गेली. आपोआप. वरूनच गेली.

रांगेत कोणी ओरडलं नाही. फक्त कॅनची झाकणं हळूहळू हातात घेतल्याचे आवाज आले, आणि मला कळलं की सगळे माझ्याकडे तोंड करून उभे आहेत.

मी काही केलेलं नाही, असं मी मोठ्याने तीनदा सांगितलं.