भांगाच्या दिवशीची पाहणी

प्रिय शरदराव,

तुमच्या हयातीत मी तुम्हांला केवळ कार्यालयीन पत्रे लिहिली. प्रत्येकाच्या शेवटी ‘अहवाल तातडीने सादर करावा’ असे असे. या पत्राला उत्तर येणार नाही, हे मला समजते. तरीही लिहितो. किनाऱ्यावरील बांधकामांच्या देखभालीसाठी खाते नवी पुस्तिका काढत आहे आणि तिचा मसुदा अभिप्रायासाठी नाशिकला माझ्याकडे आला आहे. त्यात ‘पाहणीतील हलगर्जीपणा’ या मथळ्याखाली तुमच्या कोकणातल्या खचलेल्या बंधाऱ्याचे उदाहरण दिले आहे. नाव नाही; पण ओळखणाऱ्यांना नाव कशाला लागते?

तुमची मुलगी आता त्याच खात्यात अभियंता आहे. मसुदा तिच्याही टेबलावर आला. रविवारी सुमनवहिनी सिन्नरहून मुद्दाम माझ्याकडे आल्या. चहाला हातही न लावता म्हणाल्या, “भाऊसाहेब, तुम्ही ह्यांचे साहेब होतात. ह्यांनी खरंच नीट पाहिलं नव्हतं का हो? पोरगी विचारते, मी काय सांगू?”

मी म्हणालो, “कागद पाहून सांगतो.”

शरदराव, मला कागद पाहण्याची गरज नव्हती!

कोकणात बदली झाली तेव्हा तुम्ही माझ्यासमोर आदेश धरून हसला होतात. “सिन्नरला प्यायला पाणी नाही, आणि मला समुद्र राखायला धाडताय, साहेब!” वर्षभरात तुम्ही तिथल्या कोळ्यांची भाषा उचललीत. तुमच्या टिपणांत त्यांचे शब्द येऊ लागले आणि मी समासात ‘आधार?’ असे लिहून ती परत पाठवू लागलो. आधार तुमच्या पायांखालीच होता, हे मला का सुचले नाही?

लाट बंधाऱ्यावर आपटते तेव्हा तिची सगळी ताकद दगडांच्या फटींत जिरत नाही. उरलेली मागे फिरते आणि जाताना पायथ्याची वाळू ओढून नेते. वरचे दगड जागच्या जागी दिसतात, खाली पोकळी वाढत असते. म्हणून पाहायचा तो पायथा. हे मी तरुण अभियंत्यांना फळ्यावर अनेकदा शिकवले आहे.

पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीची तारीख मी नाशिकच्या कार्यालयात बसून ठरवली. तुमचा फोन आला. “साहेब, त्या आठवड्यात भांग आहे. पाहणी पुढं ढकला.”

“भांग असो की गांजा,” मी म्हणालो, “पाहणी शांत पाण्यातच होईल.”

खोलीतले सगळे हसले. तुम्ही एवढेच म्हणालात, “बरं, साहेब.”

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची दुबळी भरती. ही गोष्ट मला इंग्रजी नावाने ठाऊक होती, या नावाने नव्हती. पण चूक शब्दाचीच होती असे म्हणणे म्हणजे पळवाट ठरेल. त्या दिवसांत पाणी फार चढत नाही, एवढे मी जमेस धरले. ते फार उतरतही नाही, हे धरले नाही. पायथा उघडा पडतो तो अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, ओहोटीच्या वेळी. अर्ध्या गृहीतकावर मी पूर्ण निष्कर्ष काढला!

आणि तुम्ही? हुकूम म्हणून गेलात, पाण्यात बुडालेल्या पायथ्यापाशी उभे राहिलात आणि अहवालात लिहिलेत, ‘बंधाऱ्याचा दृश्य भाग सुस्थितीत आहे.’ मी तो वरिष्ठांकडे पाठवताना ‘दृश्य भाग’ हे शब्द खोडले. मला ते पाल्हाळ वाटले. टंकलिखित प्रतीत उरले, ‘बंधारा सुस्थितीत आहे.’ खाली नाव तुमचे.

त्याच पावसाळ्यात, पहिल्या मोठ्या उधाणाला बंधारा खचला, काठचा रस्ता गेला. माणूस गेला नाही, एवढेच. चौकशीत ठपका तुमच्यावर आला आणि तुमची बढती अडली.

तुम्ही भांडला का नाहीत? ‘बरं, साहेब’ हे काय उत्तर झाले? तुमच्या हस्ताक्षरातली मूळ प्रत तुमच्याजवळ होतीच ना! ती चौकशीत का ठेवली नाहीत? मला सांभाळण्यासाठी, की मी आपण होऊन बोलेन अशी अपेक्षा होती म्हणून? पहिले खरे असेल तर तुमचा निर्णय मला मान्य नाही. दुसरे खरे असेल तर तुम्ही फार काळ वाट पाहिलीत.

आज मी पुस्तिकेच्या समितीला सही करून लेखी निवेदन लिहिले आहे: तारीख मी लादली, शब्द मी खोडले, पाहणाऱ्याने पाहिले तेवढेच लिहिले होते. ते उदाहरण ठेवायचे तर माझ्या नावाने ठेवावे. पायथ्याची पाहणी उधाणाच्या ओहोटीलाच व्हावी, असे कलमही सुचवले आहे.

उद्या सकाळच्या एसटीने सिन्नरला जातो. निवेदन टपालात टाकण्यापूर्वी वहिनींना आणि तुमच्या मुलीला वाचून दाखवीन. दोघींपैकी एक विचारणारच, इतकी वर्षे गप्प का होतात? या प्रश्नाचे टिकेल असे उत्तर माझ्याजवळ नाही. तरीही या वेळी ‘कागद पाहून सांगतो’ म्हणणार नाही. जे आहे ते, त्यांच्यासमोर बसून सांगेन. हे माझे वचन.

आपला,
मा. वि. दातार