खांबावरची खूण

३ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

महिनाभर उत्तर नाही, माफ कर. परीक्षांचं निमित्त होतं. खरं तर मापाची खात्री झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं. गल्लीतलं घर घ्यावं की टेकडीवरचं, असं तू विचारलंस. आपल्या लहानपणीच्या पुराची खूण गावी मी आधी शिकवत असे त्या शाळेच्या पडवीतल्या खांबावर आहे. रंगकामात ती बुजली, तेव्हा शाळेच्या जुन्या वहीतलं माप बघून मीच ती जमिनीपासून चार फुटांवर पुन्हा काढून घेतली. काल गावी येऊन, गवंड्याला घेऊन तिथपासून गल्लीतल्या घरापर्यंत पातळी जुळवायची पाण्याची नळी लावली. खूण उंबऱ्याच्या एक फूट वर भरते. म्हणजे तसा पूर आला तर तुझ्या लेकीचं, चिमीचं अंथरूण पाण्यात. टेकडीवरचं घे. गवंडी म्हणाला, बाई, भावासाठी एवढं कोणी मोजत नाही. ऐकून बरं वाटलं, हेही कबूल करते.

माया आहे तशीच राहू दे.

ताई

२० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

टेकडीवर आलो. ही म्हणते, पुराला आमच्याकडे यायचं तर एकशे चार पायऱ्या चढाव्या लागतील, दमून परत जाईल बिचारा. स्वयंपाकघरामागे टेकडी उभी कापलेली आहे. भिंतीला ओल येते, कधीमधी खडे पडतात, म्हणून हिची कुरकुर चालू असते. मी म्हटलं, ताईने मोजून दिलंय, आता गप्प बस. चिमी कंबरेवर हात ठेवून, फूटपट्टी घेऊन तुझी नक्कल करते. रागावून लोभ कमी करू नकोस.

धाकटा

११ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

हिचे दिवस करून तू परत गेल्यापासून आम्ही चष्म्याच्या दुकानाच्या माळ्यावरच आहोत. चिमी रात्रंदिवस माझा सदरा धरून असते. त्या सकाळी ही भांडी घासत होती, मी पुढच्या खोलीत बुटाची नाडी बांधत होतो, आणि मागची भिंत आत आली. जगाला चष्मे लावतो, पण मला घरामागची टेकडी दिसली नाही.

जुनी माणसं सांगतात, यंदाचा पूर त्या पुराएवढाच होता. तरी गल्लीतल्या घरात पाणी शिरलं नाही, वरच्या पायरीशी थांबलं. ते घर अजून रिकामं आहे. घेऊ का? तुझ्यावाचून कोणाला विचारू?

धाकटा

१९ ऑगस्ट

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पायरीचं वाचलं आणि शाळेच्या जुन्या शिपायाला गाठलं. त्याने सांगितलं, रंगकामाच्या वर्षीच, मी रुजू होण्याआधी सुट्टीत, पडवी भरून दीड फूट उंच केली. वहीतले चार फूट जुन्या जमिनीपासूनचे होते. मी नव्या फरशीवरून मोजले. खूण दीड फूट वर चढली आणि त्या खुणेच्या भीतीने मी तुम्हाला टेकडीवर पाठवलं.

एवढ्यावर थांबले तर तीही लबाडी होईल. टेकडीवर मी एकदाही आले नव्हते. मला पाण्याची भीती ठाऊक होती, तेवढीच मोजली. ओल येते, खडे पडतात, हे तू लिहिलंस. मी पायऱ्यांच्या विनोदावर हसले आणि पत्र घडी करून ठेवलं.

गल्लीतला उंबरा त्या पुराच्या सहा इंच वर आहे. याहून मोठा पूर येणार नाही, असं मी सांगू शकत नाही. माझ्या शब्दावर घर घेऊ नकोस. घरामागे, घराखाली काय आहे ते स्वतः बघ, शेजारणींना विचार. चिमी मोठी झाली की तिला हे पत्र दाखव.

लोभ मागायचं तोंड नाही.

ताई

(ताईच्या वहीत, त्याच दिवशी) उद्या: शाळेत जाऊन खूण खरवडून दीड फूट खाली काढणे.