मॉरिसचे फॉग लाइट

१२ नोव्हेंबर २००६, रविवार. नांदेड.
संकल्प: संक्रांतीच्या आत मॉरिस गाडीला नवे फॉग लाइट. विषय संपला.

मागच्या रविवारी सौदामिनीला आणायला लातूरला गेलो होतो. देविकाच्या अकरावी-बारावीसाठी ती दोन वर्षं तिथे ट्यूशन एरियात खोली करून राहिली. डबा करायचा, पहाटे उठवायचं, क्लासला पिटाळायचं. हल्ली सगळ्या आया असंच करतात. परीक्षा मार्चमध्येच झाली. देविका औरंगाबादला मेडिकलला गेलीसुद्धा. सौदामिनी मात्र अजून त्याच खोलीत. मी म्हटलं, चल आता. तर म्हणाली, "थंडी आली हो. वाटेत धुकं लागतं. त्या गाडीत भीती वाटते मला."

बरोबर आहे तिचं. जुने फॉग लाइट गंजून खलास झालेत. अडचण एवढीच आहे आणि ती तांत्रिक आहे.

(जाताना अहमदपूरला गॉगल घेतला. ऊन फार होतं.)

१९ नोव्हेंबर, रविवार
देगलूर नाक्यावरून पिवळ्या काचेची जोडी आणली. गॅरेजवाला नरसिंग म्हणाला, "सर, गाडी सोडा इथंच. संध्याकाळपातूर बसवून देतो." म्हटलं, मी स्वतः बसवणार. तीस वर्षं फिजिक्स शिकवतोय. "हाव, ते हायच की," म्हणाला, "पण गाडी लई जुनी हाय, सर." जुन्या गाडीला काय वेगळी वीज लागते? वाद घातला नाही.

गाडी बापूसाहेबांची, म्हणजे वडिलांची. त्यांनी हैदराबादहून आणलेली. तिला परक्याचा हात लागू देणार नाही.

२२ नोव्हेंबर, बुधवार
कॉलेजात बारावीच्या तासाला चार मुलं. बाकी सगळी कोचिंगला. चारातली दोन झोपलेली.

देविकाला मी घरीच शिकवणार होतो. तेव्हा सौदामिनी म्हणाली होती, तुम्ही शिकवता छान, पण समोरच्याला काय कळलं नाही ते कधी विचारत नाही. त्यापुढेही बरंच काही म्हणाली होती. ते आता आठवत नाही.

२६ नोव्हेंबर, रविवार
ब्रॅकेट बसवले. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून वायर, मध्ये फ्यूज, स्विच, मग दिवे, आणि दिव्यांची दुसरी वायर गाडीच्या बॉडीला. पुस्तकात छापावं असं सर्किट. स्विच दाबला.
लागले नाहीत.
बल्ब खराब.

२७ नोव्हेंबर
बल्ब बदलले. नाही.

२८ नोव्हेंबर
स्विच बदलला. नाही. फ्यूज मात्र शाबूत आहे, म्हणजे माझं काम चोख आहे. हल्ली वायरच चांगली येत नाही.

३ डिसेंबर, रविवार
वायर तपासायला पुढची सीट काढली. खाली सौदामिनीची केसांची पिन सापडली. ९३ च्या भूकंपातली असणार. तेव्हा आम्ही तिच्या माहेरी, लातूरजवळच्या मुरुडला होतो. पहाटे जमीन हादरली, घराच्या भिंतीला ही एवढी भेग गेली. नंतर पंधरवडाभर आम्ही तिघं अंगणात या मॉरिसमध्येच झोपलो. पाच वर्षांची देविका मागे, आम्ही पुढे. रोज रात्री मी सौदामिनीला रिश्टर स्केल समजावून सांगायचो. ती एक अक्षर न बोलता ऐकत राहायची. संसारातले सगळ्यात चांगले दिवस तेच. तिलाही तसंच वाटत असणार.

पिन पुसून शर्टाच्या खिशात ठेवली. गेल्यावर देईन.
दिवे: नाहीत.

१० डिसेंबर, रविवार
देविकाचा फोन. सहज बोलता बोलता दिव्यांचं सांगितलं. संध्याकाळी तिचा परत फोन. "बाबा, आईला विचारलं. ती म्हणते, या गाडीत पॉझिटिव्ह बॉडीला असतं, बाकीच्या गाड्यांच्या उलटं. वायर निगेटिव्हवरून घ्यायची. आजोबांनी तिला शिकवलं होतं."

बापूसाहेबांनी हिला शिकवलं? मला कधी कुणी बोललं नाही. म्हणजे दोन्ही टोकं मी पॉझिटिव्हलाच जोडून बसलो होतो. पंधरा दिवस! पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की तिला अजून गाडी आठवते. जिला परत यायचं नसतं, तिला कशाला असलं काही आठवेल?

११ डिसेंबर
लागले! समोरची भिंत पिवळीधमक झाली. शेजारच्या महादेवीबाई गॅलरीतून म्हणाल्या, "वैनी येऊन राहिल्या का मग?" म्हटलं, हो, संक्रांतीला.

२४ डिसेंबर, रविवार
धुकं पडत नाही. रोज पहाटे उठून बघतो. दिव्यांची चाचणी कशी घ्यायची?

सौदामिनीला फोन केला. मागे मुलांचा गलका. नायगाव-धर्माबादकडची बावीस मुलं तिच्याकडे जेवतात म्हणे. मेस काढली आहे. "भात उतू चाललाय, ठेवते," म्हणाली. चांगलं आहे, वेळ जातो तिचा. इकडे आली की सुटेल ते.

७ जानेवारी २००७, रविवार
घर झाडलं. हळदीकुंकवाच्या वाट्या घासून ठेवल्या. महादेवीबाईंना सांगून आलो की वाण हीच आणेल. धुकं नाही. आता त्याची गरजही नाही. दिवे आहेत, हे तिने बघितलं की झालं.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत.
पहाटे निघालो. धुक्याचा मागमूस नाही. तरी दिवे लावले आणि लातूरपर्यंत तसेच ठेवले. दार ठोठावलं की आधी तेच दाखवायचे होते.

खोली आता खोली राहिलेली नाही. खालचा हॉलही तिने घेतलाय. मुलं ओळीने जेवत होती, "काकू, भाकरी!" म्हणून ओरडत होती. मला बघून म्हणाली, "या, बसा." मुलांच्या पंगतीतच बसलो. बाजूच्या पोरीने विचारलं, "तुम्ही कुणाचे बाबा?" म्हटलं, देविकाचा. तिला देविका माहीत नव्हती.

मुलं पांगल्यावर सौदामिनीला खाली नेलं. स्विच दाबला. तिने वाकून दोन्ही दिवे पाहिले. काचेवरून बोट फिरवलं. म्हणाली, "छान बसवलेत."
म्हटलं, मग चल. आता धुक्याची भीती नाही.
तिने बोट पदराला पुसलं. मग म्हणाली, "त्या दिवशी धुकं कुठं होतं हो? दुपारचे बारा वाजले होते. तुम्ही गॉगल लावून दारात उभे होतात."
मी म्हटलं, पण तू म्हणालीस...
"म्हणाले. न्हाई येत, असं तोंडावर म्हणवेना म्हणून म्हणाले. वाटलं, तुम्हाला कळंल."

मी खिशातली पिन काढून दिली. भूकंपातली, म्हटलं. आठवतं का, गाडीत झोपायचो. तर तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, झालं, आता येते.

म्हणाली, "आठवतं तर. पंधरा दिवस मी डोळा मिटला नव्हता. थरथरत होते नुसती. तुम्ही रिश्टर स्केल सांगत होतात. मला वाटायचं, आता हात धराल, मग धराल." मग म्हणाली, "मला इथं बरं वाटतं. मी येणार न्हाई. आज न्हाई आणि उन्हाळ्यातही न्हाई." आवाज अजिबात चढवला नाही. चढवला असता तर काहीतरी उत्तर देता आलं असतं.

तिने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, आणि वाटेसाठी डब्यात आणखी दिला. त्या वेळी तिचा हात धरता आला असता. माझ्या एका हातात डबा होता आणि दुसऱ्यात तिळगूळ.

परत निघालो. अहमदपूरच्या पुढे ऊन कललं होतं, तरी गॉगल लावला. महादेवीबाईंना काय सांगायचं ते ठरलेलं नाही. हिच्या बावीस मुलांच्या परीक्षा आहेत, असं सांगावं. मार्चपर्यंत चालून जाईल.

समोरून येणारे सगळे, ट्रकवाले, मोटारसायकलवाले, बोटं उघडून-मिटून खूण करत होते की दिवे चालू राहिलेत. एक एसटीवाला तर खिडकीतून डोकं काढून ओरडला, "ओ काका, लाइट बंद करा की!"
नांदेडपर्यंत बंद केले नाहीत.