गोल टाकीतला चेहरा

बाई, तुमच्या मुलानं तुमचा चेहरा खडकांत करून घेतला आणि समुद्री माशांच्या टाकीत उभा केला, म्हणून हे लिहायला बसले. एरवी तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, मी कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत.

तुमचा मुलगा आता परभणीतला नावाजलेला डॉक्टर आहे. नव्या दवाखान्याच्या हॉलमध्ये त्यानं मधोमध पुरुषभर उंचीची गोल टाकी बसवून घेतली, खांबासारखी, चारी बाजूंनी आरपार दिसणारी. तुमच्या पुण्यतिथीला ती सुरू करायची, म्हणून महिनाभर आधी मला निरोप आला. मी आनंदानं गेले, हे आधी सांगून ठेवते. तुमच्या हाताखालून गेलेल्यांत कुणी तलाठी झालं, कुणी मास्तर झालं, मी एकटीनं माशांचं दुकान टाकलं आणि समुद्री टाक्यांत खडक रचत इथवर आले. बाईंच्या नावाची टाकी आणि रचना आपल्या हातची, याहून काय हवं, असं वाटत गेले. पोचले तर टाकीत रचना झालेली होती. कुण्या मूर्तिकाराला बोलावून सच्छिद्र खडकाचे तुकडे सिमेंटनं जोडले होते. कपाळ, नाक, हनुवटी, मागे अंबाडा. डोळ्यांच्या जागी दोन भोकं, कारण त्यांतून मासे जावेत-यावेत अशी डॉक्टरांची कल्पना. मला शिसारी आली. दुसरा सौम्य शब्द शोधून पाहिला, सापडला नाही. दवाखान्याच्या दारावर तुमचा फ्लेक्स आहे, त्यावर तुम्ही गोऱ्यापान, तिशीतल्या, गाल आत गेलेल्या. कुणीतरी संगणकावर बसून तुमचे गाल कापले आहेत. मूर्तिकारानं त्याच फोटोवरून काम केलं. म्हणजे तुमचं तोंड आणि तेही तुमचं नाही.

मी स्टुलावर चढले, बाही वर केली आणि कोरड्या टाकीत हात घातला. कानाच्या मागे हात गेला नाही. अंबाडा थेट काचेला टेकलेला, मधल्या फटी सिमेंटनं बुजवलेल्या. माझ्या डोळ्यांपुढे कॉलेजची प्रयोगशाळा आली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला तुम्ही प्रत्येकीला एक काचेची पेटी दिली होती आणि येलदरीच्या सहलीत पूर्णेच्या पात्रातून आणलेले दगड. मी मागच्या काचेला लावून सुरेख भिंत रचली, देवघराची असावी तशी. मुली बघायला गोळा झाल्या. तुम्ही आलात, भिंतीच्या मागे हात घालायला गेलात, तो गेला नाही. मग सगळ्या वर्गासमोर तुम्ही माझी भिंत दगड दगड करून उपसून टेबलावर ठेवली आणि विचारलंत, "ह्याच्यामागं काही मेलं तर काढशील कशी गं?" मला इतकी लाज वाटली की दोन दिवस मी तुमच्या तासाला बसले नाही. पण तो प्रश्न मी आजवर प्रत्येक टाकीला विचारत आले आहे. खडकामागे पाणी फिरलं नाही की तिथं घाण साचते, घाण कुजते आणि एका सकाळी टाकी उघडली की सडक्या अंड्यांचा वास येतो. तो वास तुम्हीच आम्हाला मुद्दाम हुंगायला लावला होता.

डॉक्टरांना म्हटलं, चेहरा काढावा लागेल. ते हसले. मी त्यांना लहानपणापासून ओळखते, ते मला ताई म्हणतात आणि ताईचं काही ऐकायचं नसतं हे त्यांनी तेव्हापासूनच ठरवलेलं आहे. म्हणाले, "ताई, लोक चौकाचौकात पुतळे उभे करायलेत. मी आईला पाण्यात उभं केलं तर काय बिघडलं?" मी सांगितलं की मागचं पाणी कुजेल आणि मासे मरतील. ते म्हणाले, मोठा पंप लावू. मी सांगितलं की गोल टाकीत पाणी भरलं की आतली वस्तू आडवी पसरते, चेहरा असा राहणार नाही. ते पुन्हा हसले. मग मी एवढंच म्हटलं की मासे माझ्या दुकानात आहेत आणि ते कधी सोडायचे ते मी ठरवणार. पसरण्याची गोष्ट मी दुसऱ्यांदा काढली नाही. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात बोट घालून दाखवता आलं असतं. तुम्ही दाखवलं असतं.

तुमच्या स्वयंपाकघरात हे सगळं मी शिकले. रविवारची सकाळ आहे, तुम्ही चुलीपुढची फरशी पुसून घेतली आहे आणि रांगोळीनं टाकीचा तळ काढला आहे. आज लांबट, मागल्या रविवारी कोपऱ्यात बसणारी तिकोनी होती. आत आम्ही गुळाचे खडे रचतोय, कारण खऱ्या खडकासारखे ते ओबडधोबड असतात आणि चुकले तर खाता येतात. लांब टाकीत दोन ढीग करायचे, एक मोठा, एक धाकटा, मध्ये वाट ठेवायची. वाट टाकीच्या ऐन मध्यावर आली तर तुम्ही चमच्यानं ढीग सरकवता. तिकोनी टाकीत सगळे खडे कोपऱ्यात कोंबायचा मोह होतो, तर तिथंच मोकळं सोडायचं, कारण कचरा कोपरा शोधतो. चौकोनी ठोकळ्यासारखी टाकी तीन बाजूंनी बघितली जाते, म्हणून तिला पाठ नको. आणि गोल टाकी? तेव्हा आम्ही कुणीच गोल टाकी पाहिली नव्हती. तुम्ही रांगोळीचं वर्तुळ काढलंत, आत एकच तिरकी, बारीक चढण रचलीत आणि म्हणालात, गोल काच सगळ्याला जाड करते, म्हणून आतलं बारीकच ठेवायचं. तेवढ्यात तुमचा मुलगा येऊन त्या चढणीचा शेंडा तोंडात टाकून पळाला. तुम्ही पुऱ्या तळत होतात. वर्गात तुमचे गाल बघून मुली तुम्हाला पुरी म्हणायच्या, मीही म्हणायचे. तुम्ही कढईतली सगळ्यात फुगलेली पुरी माझ्या ताटात टाकलीत आणि शांतपणे म्हणालात, "घे. वर्गात नाव घेता, घरी खा."

आता माझ्याकडे कोण गिऱ्हाईक येतं ते ऐका. जिंतूरच्या सराफाला टाकीत किल्ला हवा, बुरुजावर झेंडा हवा. एका हॉटेलवाल्याला खडकातून लाल दिव्याचा ज्वालामुखी हवा आणि त्यातून बुडबुडे. कोपऱ्यातली टाकी वरपर्यंत खडकांनी ठासून भरून घेतलेल्या एका बंगल्यात गेल्या आठवड्यात गेले, तर मालकीणबाई नाकाला पदर लावून बसलेल्या आणि वर मलाच विचारतात, पाण्याला वास का येतो. पोवळी मी ठेवत नाही, समुद्रातून ओरबाडून आणलेला जीव मला नको, म्हटलं की प्लास्टिकची आणून टाकतात, गुलाबी रंगाची. मासा कुणालाच नको आहे, बाई. सगळ्यांना आपलं काहीतरी पाण्यात चमकलेलं हवं आहे. हे सगळं मी गिळत आले. पण तुमच्या घरानं हे करावं, गुळाचा शेंडा खाल्लेल्यानं करावं, हे मला गिळता आलं नाही.

पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी त्यांनी साध्या पाण्यानं टाकी भरून बघायचं ठरवलं. हॉलमध्ये पेशंट, कंपाउंडर, काउंटरवरच्या मुली आणि पालमहून एसटीनं आलेली तुमची धाकटी बहीण, जिला सगळे मावशी म्हणतात. पाणी चढायला लागलं. आधी हनुवटी पसरली. मग ओठ. पाणी नाकापर्यंत आलं तेव्हा खालचं अर्धं तोंड रुंद आणि वरचं कपाळ चिंचोळं, असं काहीतरी विचित्र उभं राहिलं. काउंटरवरची एक मुलगी तोंडावर रुमाल घेऊन आत पळाली. कंपाउंडर मोबाइल काढून फोटो घ्यायला लागला. डॉक्टरांचा चेहरा उतरला आणि ते नळ बंद करा म्हणून ओरडले. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

मावशी बाकावरून उठल्या, काचेजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "राहू द्या की. भरू द्या पूर्ण."

नळ चालू राहिला. पाणी गालांवर चढलं, कपाळावर चढलं, वरच्या केसांपर्यंत गेलं. मावशींनी पदरानं काच पुसली. "आता दिसायली आमची अक्का," त्या म्हणाल्या. "त्या दारावरची कोण की बया, मला वळखूच आली न्हाई."

बाई, त्या खरं बोलल्या. कापलेले गाल पाण्यानं परत दिले होते. कढईसमोर बसलेल्या तुम्ही, तशाच, जरा रागावलेल्या. डॉक्टर मात्र माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "ताई, काढून टाका. लोक हसायलेत." ज्या गोष्टीसाठी मी महिनाभर भांडले, ती त्यांनी चुकीच्या कारणासाठी मान्य केली, आणि तीही नेमकी तेव्हा. हसतात म्हणून काढू नका, असं मी म्हणू शकले असते. मी पुन्हा स्टुलावर चढले आणि हात घातला. कानाच्या मागे तो आताही जात नव्हता. मावशींना मी एवढंच सांगितलं की हा राहिला तर आत जे सोडू ते मरेल. त्यांनी मान हलवली आणि तोंड फिरवून बसल्या. पाणी उपसून मी चेहरा फोडला. आधी अंबाडा, मग कान. गाल शेवटी.

पुण्यतिथीला पाहुण्यांनी पाणी आणि नुसते खडक पाहिले. खाऱ्या पाण्याला मुरायला वेळ लागतो, तो मी घेतला. काल मासे सोडले.

हे पाकिटात घालणार नाही, पत्ता काय लिहू? फक्त नोंद ठेवते. डॉक्टरांच्या ताब्यात दिली: गोल टाकी, खाऱ्या पाण्यानं भरलेली. आत खडकांची एक तिरकी, बारीक चढण, कुठंही काचेला न टेकलेली. हात सगळीकडून फिरतो, तो त्यांच्यासमोर फिरवून दाखवला. नारिंगी पट्ट्यांचे मासे, सगळे जिवंत. खडक चेहऱ्याचेच, सिमेंट खरवडून, धुऊन घेतलेले. पायथ्याशी काचेच्या जरा जवळ दोन गोल दगड आहेत, बाकीच्या बारीक रचनेत ते शोभत नाहीत. ते गालांचे आहेत. हे त्यांना सांगितलेलं नाही.