सूचक म्हणून माझी सही

बाई,

तुमचा धाकटा नगराध्यक्षपदाला उभा राहिलाय, आणि त्याच्या अर्जावर सूचक म्हणून माझी सही आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी ही बातमी तुमच्यापर्यंत आली असेल असं मी धरून चालतो. पण ती सही कशी झाली हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते नीट कळलेलं नाही. म्हणून दुकान बंद ठेवून रविवारी सकाळी लिहायला बसलोय. बायकोला वाटतंय मी जीएसटीचं काहीतरी करतोय.

आता आपल्याकडं अध्यक्ष थेट लोकच निवडतात. तुमच्या वेळी नगरसेवक आपापसांत ठरवायचे, आपण फक्त मिरवणूक बघायची. आता प्रत्येकाला विचारतात, आणि तुमच्या मुलानं विचारण्याची अशी काही तऱ्हा काढलीय की अख्खं गाव दोन बाजूंना उभं आहे. चौकातल्या सभेला मी गेलो होतो. बोलतो छान, तुमच्यासारखाच, एकेक शब्द वेगळा करून. रस्ते झाले, गटार झाली, पाणी झालं, आणि मग म्हणाला की बाजारातले पालिकेचे गाळे आपल्या माणसांचेच असले पाहिजेत, ज्यांचे सण वेगळे त्यांनी धंदाही वेगळ्या ठिकाणी करावा. शिट्ट्या पडल्या. माझ्या शेजारी उभा असलेला आमचा दूधवाला, जो कधी कुणाशी मोठ्यानं बोलत नाही, तोसुद्धा हात वर करून ओरडत होता. मी ओरडलो नाही. पण तिथून निघालोही नाही, शेवटपर्यंत उभा राहिलो, हेही लिहून ठेवतो.

आता माझ्या गाळ्याचं सांगतो. मी बागेचे फवारणीचे पंप दुरुस्त करतो हे तुम्हाला माहीत आहे, तुम्ही उद्घाटनाला पेढे घेऊन आला होता. माझ्या डाव्या हाताला जो आहे तो छाटणीच्या कात्र्यांना धार लावतो. मुसलमान आहे. तेवीस वर्षं आम्ही भिंतीला भिंत लावून बसतो. छाटणीचे दिवस आले की दिंडोरीकडचे बागायतदार एकाच खेपेत दोघांचं काम घेऊन येतात, कात्र्या त्याच्याकडं, पंप माझ्याकडं. दोघांत पाण्याचा जार एक, आणि गिऱ्हाइकाला बसायचं स्टूलही एकच. त्यावरून आमची महिन्यातून एकदा तरी जुंपते. सभेच्या दुसऱ्या दिवशी त्यानं स्टूल आपणहून माझ्याकडं सरकवलं. मला इतका राग आला त्याचा! म्हणजे कुणाचा ते कळेना. मी ते परत ढकललं आणि म्हटलं, तुझ्याकडं गिऱ्हाईक आहे ना, मग?

बाई, मी तुमच्या स्वयंपाकघरात वाढलो असं लोक म्हणतात, आणि ते फार खोटं नाही. आमच्या वस्तीतल्या पोरांना गावातल्या काही घरांत अजून ओट्यावरच पाणी मिळायचं, त्या काळात तुम्ही मला स्टोव्हच्या शेजारी पाटावर बसवून स्कॉलरशिपची गणितं घालत होता. तुम्ही भाकरी थापताय, पाठ माझ्याकडं, आणि विचारताय, टाकी किती तासांत भरेल? मी चुकलो की तुम्ही वळत नाही, नुसतं थापणं थांबवता. धाकटा तेव्हा तीन-चार वर्षांचा. माझ्या मांडीवर बसून माझ्याच ताटातला गूळ खायचा. त्याला दात पाडायला सरकारी दवाखान्यात मी सायकलवरून नेलं होतं, आणि डॉक्टरनं हात लावायच्या आधीच हा मला चावला. तो मला अजून दादा म्हणतो. भर सभेत स्टेजवरून खाली उतरून पाया पडतो, आणि मला कसंनुसं होतं, आणि बाई, बरंही वाटतं.

कोरोनात बायकोचा श्वास लागला तेव्हा सगळे फोन उचलायचे बंद झाले होते. तुमच्या मुलानं अंबडहून ऑक्सिजनचा सिलिंडर आणला, स्वतःच्या गाडीत घालून, आणि स्वतःच्या खांद्यावरून जिना चढवला. ती आज माझ्यासमोर मेथी निवडतेय ती त्याच्यामुळं. आणि त्याच गाडीतून तो कात्रीवाल्याच्या मोहल्ल्यातही सिलिंडर देत फिरत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग हा माणूस खरा कुठला? तेव्हाचा की चौकातला? एकच आहे म्हणावं तर दोन्ही जुळत नाहीत, आणि दोन म्हणावं तर सही कुणासाठी केली मी?

तुम्ही असता तर काय म्हणाला असता, हा प्रश्न मी महिनाभर स्वतःला विचारतोय. आणि दरवेळी मला शाळेतला पृथ्वीचा गोल आठवतो. शाळा सुटल्यावर तुमच्या धाकट्यानं तो फिरवता फिरवता टेबलावरून पाडला, पार दोन तुकडे. मी पाहिलं, तुम्हीही दारातून पाहिलंत. हेडमास्तरांनी विचारल्यावर मी म्हणालो, खिडकी आपटली वाऱ्यानं. तुम्ही शेजारी उभ्या होता, काही बोलला नाहीत. पुढच्या आठवड्यात तुम्ही मला नवी कंपासपेटी दिलीत. ती कशाची होती, बाई? स्कॉलरशिपची म्हणावी तर निकाल लागायला अजून वेळ होता. मी ती कॉलेजपर्यंत वापरली आणि तुम्हाला कधी विचारलं नाही. इतकी वर्षं मी तुमचं नाव घेऊन लोकांना खरेपणा शिकवत आलोय, आणि आता वाटतं, धाकट्याच्या बाबतीत तुम्हालाही सुचत नव्हतं.

तो सहीसाठी घरी आला तेव्हा चहा पूर्ण प्यायला. म्हणाला, आईच्या सगळ्यात लाडक्या विद्यार्थ्याची सही पाहिजे, बाकी कुणाची नको. मी काही दूधखुळा नाही. आमच्या वस्तीतल्या माणसाची सही अर्जावर असली की त्याला कुणी नावं ठेवू शकणार नाही, एवढं मला कळतं. पण त्याचे डोळे खरंच भरले होते, हेही मला दिसलं. तो गेल्यावर बायको म्हणाली, सही कर नाहीतर करू नको, पण कात्रीवाल्याच्या गाळ्याचं काय करणार ते तरी त्याला विचार. तेवढं विचारायचंच असं ठरवून मी अर्जाच्या शेवटच्या दिवशी त्याच्या ऑफिसात गेलो. तिथं माणसंच माणसं. मुहूर्त पाहून त्यानं अर्ज अगदी शेवटासाठी ठेवला होता, तोही एकच, जोडीला दुसरा नाही. कुणी माझ्या खांद्यावर हात ठेवला, कुणी माझी पिशवी धरली, कुणी पेनाचं टोपण काढून दिलं. माझा प्रश्न तोंडातच राहिला. आणि मी काय केलं असेल? मी बँकेत, आधारला, सगळीकडं मराठीत पूर्ण नावाची सही करतो. तिथं मी इंग्रजीत असा एक गिरगोटा ओढला, जो जन्मात कधी ओढला नव्हता. मनात हिशेब असा की छाननीत सही जुळणार नाही, अर्ज बाद होईल, मी नाही म्हणालो असंही होणार नाही आणि हो म्हणालो असंही नाही. घरी येताना मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं, बाई. भेळ घेऊन आलो.

छाननीच्या दिवशी अकराच्या सुमाराला पालिकेतून फोन. समोरच्या उमेदवाराच्या वकिलानं हरकत घेतली होती की सूचकाची सही बनावट आहे. कात्रीवाला म्हणाला, जा तुम्ही, दुकान मी बघतो. सभागृहात पोचलो तर तुमचा मुलगा पहिल्या रांगेत, चेहरा पांढरा, आणि माझ्याकडं असा बघतोय जसा त्या दवाखान्यात बघत होता. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी नाही म्हणालो तर अर्ज बाद होईल, पण तुमचा मुलगा खोटी सही करणारा ठरेल, आणि ते त्यानं केलेलं नव्हतं. मी हो म्हणालो तर ते खरंच असेल, आणि त्या खऱ्यानं तो निवडणुकीत राहील. निर्णय अधिकारी बाई होत्या, तुमच्यासारखाच चष्मा, त्यावरून बघणं तसंच. त्यांनी कागद पुढं केला.

"ही सही तुमची आहे का?"

मी म्हणालो, "माझीच आहे." मग इंग्रजीत का, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणालो, घाई होती. त्यांनी परत करून दाखवायला सांगितलं, आणि बाई, गंमत बघा, हात जराही अडला नाही, तोच गिरगोटा तसाच्या तसा आला. अर्ज वैध. लोकांनी मला उचललं. तुमचा मुलगा माझ्या गळ्यात पडून रडला, आणि मीही रडलो. कशासाठी ते मला विचारू नका.

परत आलो तेव्हा कात्रीवाल्यानं माझ्या गिऱ्हाइकाचा पंप खोलून, वॉशर बदलून ठेवला होता. बातमी त्याच्या कानावर आधीच आली होती. मला वाटलं आता हा बोलायचा बंद होणार. पण त्यानं हात पुसले आणि अगदी मोकळेपणानं म्हणाला, "तुम्ही सही केली, म्हणजे माझ्या गाळ्याचं बोलणं झालं असेल ना त्याच्याशी? मग मला आता टेन्शन नाही. घरच्यांनापण तेच सांगतो."

मी हो म्हणालो.

मतदानाला अजून नऊ दिवस आहेत. त्या दिवसापासून तो पुन्हा स्टुलावरून भांडायला लागलाय, दुपारी डबा खाताना त्याच्या पोरीच्या लग्नाचं बोलतो, हॉल गावातच घेऊ म्हणतो. मी मान हलवतो. मत कुणाला देणार हे मला अजून माहीत नाही. हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता माझ्याकडं नाही, हेही मला कळतं. तुमच्या मुलाचा नंबर आहे. त्याला विचारायचा तो एक प्रश्न अजून मी विचारलेला नाही, आणि सकाळपासून तुम्हाला लिहीत बसलोय.